बोअरचं पाणी आणि चांदीचं सूत

धुतलेला काचेचा चंबू मामा आधी खिडकीकडे धरायचे. डावा डोळा मिटायचा, मान किंचित कलती करायची आणि काचेतून पलीकडचं लिंबाचं झाड बघायचं. झाड नीट दिसलं तर चंबू स्वच्छ, नाहीतर परत नळाखाली. कुणी घाई केलीच तर हात तसाच ठेवून म्हणायचे, "दम धरा की जरा. मला दिसायलंय, पर सांगता येईना."

हे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडायचं. दिसतं पण सांगता येत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझी अडचण नेमकी उलटी होती. मला सगळं सांगता यायचं.

मामा आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कॉलेज नांदेडच्या कडेला, एका टेकाडावर. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी खाली शहराला मिळायचं, आमच्या नळाला मात्र बोअरचं. चव अशी की चहात साखर जास्त टाकली तरी मागून खारटपणा यायचाच. मामा गेली सव्वीस वर्षं त्याच पाण्यात काचसामान धूत होते. बोटांची टोकं चांदीच्या क्षारानं काळी पडलेली. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून प्राध्यापकही मामा म्हणायचे, आणि मी रुजू झालो त्या दिवसापासून मीही.

मी मूळचा लातूरचा. लातूरला बारावी केलेल्या माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटायला तेवढंही पुरतं. मी तर वर पुण्याला जाऊन पीएचडी करून आलो होतो. विषय होता, वाकणारी आणि ताणली जाणारी इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे अंगावर बांधता येईल असा रबराचा पट्टा करायचा आणि त्यावर वीज वाहून नेणारा थर द्यायचा. पट्टा ताणला की विजेचा प्रवाह बदलतो आणि त्यावरून माणसाचा श्वास मोजता येतो. तांब्याची तार अशी सारखी ताणली तर तुटणार. म्हणून चांदीच्या अतिसूक्ष्म तारा घ्यायच्या, केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशा, आणि त्या जागच्या हलू नयेत म्हणून वरून वीजवाहक प्लास्टिकचा पातळ लेप द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात मी हे सगळं मामांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्लास्टिकमदून करंट जातंय म्हनता?"

"जातो ना."

"मंग घरच्या वायरीवर प्लास्टिक कामून चढवतेत?"

प्रश्न बिनतोड होता. मी फळ्यापाशी गेलो आणि चाळीस मिनिटं बोललो. प्लास्टिकचे रेणू, त्यांच्या साखळ्या, सुटे इलेक्ट्रॉन. मामा हातातलं फडकं घडी करत उभे होते. शेवटी म्हणाले, "हाव सर." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गर्द निळ्या प्लास्टिकच्या द्रावणाला 'नीळ' म्हणायला लागले. महिन्याभरात सगळी प्रयोगशाळा नीळ म्हणायला लागली. मीसुद्धा.

चांदीच्या तारा करणं हे खरं नाजूक काम. गाडीच्या रेडिएटरात घालतात त्या जातीचा एक चिकट द्रव तापवायचा, त्यात चांदीचं द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि वाट बघायची. तारा वाढल्या तर द्रव मोतिया रंगाचा होतो आणि हलवला की आत रेशमासारख्या लाटा चमकतात. नाही वाढल्या तर पिवळट-तपकिरी गढूळ पाणी आणि काचेला चिकटलेली चांदी. मामांनी पहिल्यांदा त्या लाटा पाहिल्या तेव्हा हातातलं काम टाकून जवळ आले. त्यांचं गाव देवणीच्या अलीकडं. म्हणाले, "आमच्याकडं खोंड धुवून उन्हात उभा केला की पाठ अशी लवती." मग जरा थांबून, "सूत धरलं बगा."

तेव्हापासून प्रयोगशाळेत दोनच निकाल असायचे. सूत धरलं, नाहीतर सूत न्हाई धरलं. त्या पहिल्या तीन महिन्यांत दर वेळी धरलं. माझा हात चांगला आहे अशी माझी खात्री झाली. वैशाली नावाची एक मुलगी माझ्याकडे पीएचडीला आली, तिलाही मी तेच सांगितलं. हात चांगला लागतो.

मग तो मार्चमधला दिवस. मी नळापाशी गेलो तर मामा माझे चंबू बोअरच्या पाण्यानं शेवटचे खळबळून उपडे घालत होते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन शेजारी तसाच भरलेला. मी विचारलं, "हे रोज असंच धुता?"

"हाव सर. ते पानी तयार करायला लई पानी वाया जातंय. उन्हाळा हाय. शेवटच्या हाताला कशाला म्हनून…"

पुढचं मी ऐकलं नाही. एमएस्सीची वीसेक पोरं प्रॅक्टिकलला उभी होती. त्यांच्यासमोर मी मामांना शुद्धता म्हणजे काय ते सांगितलं, जगभरच्या प्रयोगशाळा कशा चालतात ते सांगितलं, आणि शाळेतल्या पोरालासुद्धा एवढं कळतं असंही सांगितलं. आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण शेजारच्या वर्गातली माणसं डोकावली. मामा ओले हात पँटला पुसत उभे होते. "चुकलं सर. आता व्हनार न्हाई."

एवढ्यावर भागलं नाही. मी संगणकावर ठळक अक्षरांत पाटी छापून नळावर चिकटवली. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यानेच, तीन वेळा. मामांनी बोट फिरवत ती पाटी वाचली आणि त्या दिवसापासून अक्षराला धरून पाळली. एकदाही चुकले नाहीत.

आणि त्या दिवसापासून सूत धरेना.

तुम्ही हसाल. तुम्हाला एवढ्यातच कळलं असेल. मला कळायला सात महिने लागले. मी आधी रसायन पुरवणाऱ्याला दोष दिला, नवं मागवलं. मग विजेच्या कमीजास्त दाबाला दोष दिला. मग नांदेडच्या हवेला. मे महिन्यात चव्वेचाळीस अंश तापमान होतं, तेव्हा उन्हाला. ऊन उतरलं आणि पावसाळा लागला तेव्हा दमटपणाला. शेवटी वैशालीला. ती रोज सकाळी चांदीचं द्रावण थेंबथेंब सोडायची आणि दुपारी तपकिरी पाणी ओतून द्यायची. प्रकल्पाची तपासणी दिवाळीनंतर होती. तारा नाहीत तर पट्टा नाही, पट्टा नाही तर प्रकल्प बंद, आणि तिचं वर्ष वाया. ती दुपारचा डबा न खाता परत न्यायला लागली. हे मला मामांकडून कळलं.

त्याच वेळी एकदा मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सर, एक बोलू का? तुमी त्या दिशी रागावलाव ना, तवापासून…"

मला वाटलं, मनाला लावून घेतलंय, माफी मागायला सांगतायत. मी म्हटलं, "मामा, झालं गेलं. आत्ता मला विचार करू द्या. हे केमिस्ट्रीचं काम आहे."

"हाव सर," म्हणाले आणि गेले.

ऑक्टोबरच्या एका दुपारी वैशाली चंबू घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्यासमोर तो हलवला. आत रेशीम. मी खुर्चीतून उठलो ते थेट पेढे मागवायला. सगळ्यांना गोळा केलं आणि अर्धा तास भाषण दिलं. विषय, संयम. आदल्या आठवड्यात मी ढवळण्याचा वेग कमी करायला सांगितला होता, त्याचाच हा परिणाम, हेही सांगितलं. मामा दाराशी पेढा हातात धरून ऐकत होते.

सगळे गेल्यावर वैशाली म्हणाली, "सर, वेग मी कमी केलाच नव्हता."

"मग?"

"चंबू मामांनी दिला. म्हणाले, पोरी, ह्याच्यात एकडाव करून बग. जुन्या पद्धतीनं धुतलाय. अन् सरांना सांगू नको, उगं बेजार होतेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही आठ चंबू घेतले. चार डिस्टिल्ड पाण्यानं धुतले, चार बोअरच्या. डिस्टिल्डच्या चारांत गढूळ पाणी आलं, बोअरच्या चारांत सूत धरलं. मग मला आठवलं. चांदीच्या तारा वाढायला क्लोराइडचा अंश लागतो. मिठातला असतो तोच. हे मी पीएचडीच्या परीक्षेत तोंडी सांगितलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. पुण्याला आमच्या द्रवातच तो अंश अशुद्धीच्या रूपानं असायचा, त्यामुळे वेगळा टाकावा लागत नसे. इथे नांदेडला द्रव शुद्ध मिळाला, आणि क्षार मामांच्या बोअरमधून आला. तो मी पाटी लावून बंद केला.

मी नळापाशी गेलो. "मामा, तुमचं बरोबर होतं."

"काय सर?"

"बोअरच्या पाण्याचं."

"म्या तर काईच बोललो न्हाई." खरंच होतं. मी बोलू दिलं नव्हतं. त्यांनी चंबू खिडकीकडे धरला, बघितला, खाली ठेवला. "मंग ती पाटी काढायची का ऱ्हाऊ द्यायची?"

पाटी मीच काढली. चिकटपट्टी चांगल्या प्रतीची होती, नखानं खरवडावी लागली. खरवडता खरवडता मी त्यांना समजावून सांगितलं की पाण्यात मीठ आहे, त्याचा उपयोग होतो, तर आता आपण बोअरच्या पाण्याचं पृथक्करण करू, उन्हाळ्यातलं वेगळं, पावसाळ्यातलं वेगळं, त्यावर एक स्वतंत्र शोधनिबंधच होईल. मामा म्हणाले, "मीठच लागतंय तर मीठच टाका की चिमूटभर, मोजून. पानी कशाला?"

वैशाली तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. आम्ही मीठ मोजून टाकलं. त्यानंतर सूत धरलं नाही असं झालं नाही.

तारांवरचा आमचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभाराचा परिच्छेद असतो. त्यात मी सूक्ष्मदर्शक ज्यांनी चालवला त्यांचे आभार मानले, विभागप्रमुखांचे मानले, ज्या प्राध्यापकांना मी एकदाच भेटलो होतो त्यांचेही मानले. वैशालीनं विचारलं होतं, "मामांचं नाव टाकायचं ना?" मी म्हणालो, "तशी पद्धत नसते." नाव टाकू नये अशी काही पद्धत नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एका ओळीची जागा होती.

मग पट्टा तयार झाला. रबराची पातळ पट्टी, त्यात चांदीचं सूत, वर निळीचा थर, मागे इलॅस्टिक. छातीभोवती बांधायचा आणि संगणकावर श्वासाची लाट बघायची. आधी वैशालीनं बांधून घेतला. लाट संथ, गोलसर. मग मी बांधला. तशीच. आम्हाला निरनिराळ्या वयाची माणसं हवी होती, आणि न कंटाळता एका जागी बसणारं माणूस कॉलेजात एकच होतं.

मामा स्टुलावर बसले. बनियनवर पट्टा बांधला. पडद्यावर लाट आली ती आखूड, घाईची, मध्येच तुटणारी.

"सेन्सर गेला," मी म्हणालो.

दुसरा पट्टा बांधला. तीच लाट. तारा तुटल्या असतील म्हणून तिसरा आणला. तीच. मी वायर तपासल्या, प्रोग्रॅम तपासला, इलॅस्टिक ढिलं केलं, घट्ट केलं. सव्वा तास गेला. मामा हात मांडीवर ठेवून बसलेले. "होऊ द्या निवांत," म्हणत होते. शेवटी वैशालीनं तोच तिसरा पट्टा काढून स्वतःला बांधला. पडद्यावर संथ, गोलसर लाट. तिनं तो परत मामांना बांधला. आखूड, घाईची, तुटणारी. मी म्हणालो, "संपर्क कुठंतरी सैल आहे."

"सर," ती म्हणाली, "पट्टा चांगला आहे." मग स्टुलापाशी खाली बसली. "मामा, जिना चढताना दम लागतो का?"

"लागतंय की. वय झालं."

"रात्री झोप लागते?"

"भिताडाला टेकून झोपतो. आडवं झालं की कोंडल्यावानी होतंय."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

पोळ्याला पाच महिने होऊन गेले होते. गेले पाच महिने मामा काचसामानाचा ट्रे घेऊन जिन्यात मध्येच थांबायचे, हे मी पाहिलं होतं. चपलेचे बंद सैल करून चालायचे, हेही. आणि महिन्यापूर्वी मी विभागप्रमुखांना म्हणालो होतो, मामा आता आळसावलेत, दुसरं कुणी मिळतंय का बघा. दिसत मलाही होतं. मी त्याचा अर्थ लावून मोकळा झालो होतो.

त्यांना माझ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बूट न घालताच निघालो होतो, प्रयोगशाळेतल्या स्लीपरवर, हे मला पार्किंगमध्ये कळलं. डॉक्टरांनी तपासलं. हृदय अशक्त झालेलं, पायांवर सूज, फुप्फुसांत पाणी साठलेलं. आठ-पंधरा दिवस अजून काढले असते तर अवघड होतं, म्हणाले. "तुमच्या लक्षात कसं आलं?" मी चांदीच्या सूक्ष्म तारांपासून सुरुवात केली. वैशाली मध्येच म्हणाली, "त्यांना दम लागत होता, डॉक्टर."

मामा नऊ दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून पलंगाशी बसलो. म्हणालो, "मामा, मी तुमच्याबद्दल प्रमुखांकडे तक्रार केली होती."

"म्हाईत हाय. प्रमुखांनीच सांगितलं."

"मग तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलनार? खरंच तर होतं, हळू चालत होतो." उशीला टेकून त्यांनी दोन-तीन लांब श्वास घेतले. आता त्यांना ते जमत होतं. मग हसले. "तुमचा पट्टा लई चांगला हाय सर. तुमालाच पटंना."

बरे होऊन ते परत आले. जड ट्रे उचलू द्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलं आणि त्यांनी ते पाळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मी बोललो, अर्थातच. मला दहा मिनिटं दिली होती, मी पंचवीस घेतली. मामांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं, "बरं हाय," म्हणाले आणि बसले. मग बायकोला घेऊन देवणीजवळच्या गावी राहायला गेले.

वैशालीचा प्रबंध पुरा झाला. आभाराच्या पानावर पहिलंच नाव मामांचं होतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, गाव-तालुक्यासकट. मामांचं पूर्ण नाव मी तिथे पहिल्यांदा वाचलं. सहा वर्षं मी त्या माणसाच्या हातचे चंबू वापरत होतो. इथे मी ते लिहीत नाही. त्यांना विचारायचं राहिलं.

आमचा पट्टा बाजारात वगैरे गेला नाही. अजून प्रयोगशाळेतच आहे, शंभर वेळा धुतला की निळीचा थर निघायला लागतो, त्यावर काम चालू आहे. मामांचा दर दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा. तब्येत विचारली की "चाललंय" म्हणायचे आणि मग वैशालीची चौकशी. ती लातूरला एका कॉलेजात लागली हे मी सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं, रेंज गेली.

गेल्या माघात वैशालीचा फोन आला. मामा गेले. झोपेतच.

ती लातूरहून आली, मी नांदेडहून. उदगीरला भेटून आम्ही एका गाडीनं पुढे गेलो. पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. घरापुढे सतरंजी टाकून गावातली चार-पाच म्हातारी माणसं बसली होती. आम्हीही टेकलो. वैशाली आत बायकांत गेली आणि तिच्या रडण्याचा आवाज आला. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. रस्ताभर तेच करत आलो होतो.

मामांच्या पत्नी दाराशी आल्या. मी त्यांना दवाखान्यात पाहिलं होतं, पण तेव्हा फार बोलणं झालं नव्हतं. पदर सावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच का ते सर? तारा करनारे?"

"हो."

"ते लई सांगायचे तुमचं. सगळ्या गावाला सांगितलंय." सतरंजीवरची माणसं माना डोलवायला लागली. "म्हनायचे, आमचे सर एवढे शिकलेले, पर मला इचारल्याबिगर काईच करत न्हाईत."

मी एकदाही त्यांना विचारून काही केलं नव्हतं. ते दर वेळी आपणहून सांगायला आले होते आणि दर वेळी मी त्यांना मागे पाठवलं होतं. ती सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आदरानं. एवढा शिकलेला माणूस आणि विचारून करतो.

"खरं आहे," मी म्हणालो.

माझ्या शेजारी पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी काळजीनं विचारलं,

"मंग आता कुनाला इचारताव?"